हरकत कोणाच्या टेबलावर जाते?

विद्यापीठ आणि महाविद्यालयांतील अंतर्गत लेखापरीक्षण : त्याचे काम, त्याचे स्वातंत्र्य आणि आपण विचारायचे प्रश्न

वसई-विरारमध्ये बारावीनंतर प्रवेश घेणाऱ्या मुलाची फी-पावती नीट वाचली, तर तिच्यात दोन संस्थांचे पैसे दिसतात. शिकवणी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना ही शुल्के महाविद्यालयाची. नोंदणी, परीक्षा आणि विद्यापीठ पातळीवरच्या उपक्रमांची शुल्के मुंबई विद्यापीठाची. हा दुसरा हिस्सा महाविद्यालय गोळा करते आणि पुढे पाठवते. विरारचे विवा, वसई रोडचे अण्णासाहेब वर्तक, वसईचे संत गोन्सालो गार्सिया अशी इथली महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरलेले आहे. एवढ्या हातांतून फिरणाऱ्या पैशांवर आणि कामांवर वर्षभर आतून नजर ठेवण्याची जी व्यवस्था, ती अंतर्गत लेखापरीक्षण.

महाविद्यालय विकास समितीचे सदस्य, लेखापाल, प्राचार्य, अधिसभेतले प्रतिनिधी, नोंदणीकृत पदवीधर आणि पालक या सगळ्यांचा या व्यवस्थेशी कधी ना कधी संबंध येतो. ती चांगली चालते का, हे ओळखताना बहुतेकांचे लक्ष माणसाकडे जाते : तपासणारा सचोटीचा आहे का, कडक आहे का. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्याने काढलेली हरकत कोणाच्या टेबलावर जाते? ती ज्याच्या कामावर आहे त्याच्याच टेबलावर जाऊन थांबत असेल, तर अत्यंत प्रामाणिक माणसाचाही उपयोग होत नाही.

तपासण्या पुष्कळ, पण प्रत्येकीचे काम वेगळे

‘आमच्याकडे इतकी ऑडिट होतात, आणखी एक कशाला?’ हे वाक्य प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. कोण काय पाहतो ते वेगळे करून घेऊ.

वैधानिक लेखापरीक्षण सनदी लेखापाल करतात. विद्यापीठासाठी त्यांची नेमणूक व्यवस्थापन परिषद करते. ज्या फर्मच्या भागीदारांचा विद्यापीठाच्या कारभारात कसलाही हितसंबंध नाही, अशीच फर्म घ्यावी लागते. वर्ष संपल्यावर जमाखर्च आणि ताळेबंद खरे चित्र दाखवतात का, यावर ते मत देतात. हे लेखे आणि अहवाल पुढे राज्य शासनामार्फत विधिमंडळासमोर ठेवले जातात.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक शासनाच्या अनुदानाच्या धाग्याने येतात. त्यांच्या १९७१ च्या कायद्यानुसार एखाद्या संस्थेला वर्षाला किमान २५ लाख रुपये अनुदान मिळत असेल आणि ते तिच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल, तर तिचे हिशेब तपासण्याचा अधिकार त्यांना आपोआप मिळतो. अनुदान किमान १ कोटी असेल, तर राज्यपालांच्या पूर्वसंमतीने टक्केवारीची अट न पाहताही तपासणी करता येते.

अनुदानित महाविद्यालयांची वेतन आणि वेतनेतर अनुदानाची तपासणी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून होते. महाविद्यालय चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे तिचे स्वतंत्र लेखापरीक्षण होते आणि तो अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे जातो.

या सगळ्यांत समान गोष्ट एकच : ते बाहेरून येतात आणि बहुतेक वेळा खर्च होऊन गेल्यावर येतात. चार-पाच वर्षांपूर्वीच्या खर्चावर महालेखापरीक्षकांचा हरकतीचा परिच्छेद येतो, तेव्हा तो खर्च करणारे प्राचार्य निवृत्त झालेले असतात आणि पुरवठादाराचा पत्ता बदललेला असतो. अंतर्गत लेखापरीक्षक आत असतो. चूक तीन महिन्यांत पकडणे, ती पुन्हा होऊ नये म्हणून पद्धत बदलायला सांगणे आणि ती बदलली का ते पाहणे, हे त्याचे काम. पैशांइतकीच कामाची रीतही त्याच्या कक्षेत येते : प्रवेश, परीक्षा, खरेदी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, विदा.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, मूल्यांकनामुळे इथे एक गोंधळ वाढला आहे. नॅकच्या सहाव्या निकषात अंतर्गत आणि बाह्य आर्थिक लेखापरीक्षणाची विचारणा असते. तिथे काही महाविद्यालये शैक्षणिक व प्रशासकीय ऑडिटचा अहवाल जोडून मोकळी होतात. तो अहवाल उपयोगी असतो, पण शेजारच्या महाविद्यालयातले प्राध्यापक एक दिवस येऊन विभागांची पाहणी करतात, त्याने रोकडवही तपासली जात नाही. आयक्यूएसी, म्हणजे महाविद्यालयाची अंतर्गत गुणवत्ता हमी यंत्रणा, गुणवत्तेचे नियोजन करते आणि अंमलबजावणीतही भाग घेते. म्हणून ती स्वतंत्र तपासनीस ठरत नाही. या दोन्ही गोष्टी ठेवाव्यात, पण त्यांना अंतर्गत लेखापरीक्षण म्हणू नये.

पेच कुठे आहे

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात वित्त व लेखा अधिकारी हे पूर्णवेळ पद आहे. कायदा या अधिकाऱ्याला वित्त, लेखा आणि लेखापरीक्षा या तिन्हींचा प्रमुख मानतो आणि तो कुलगुरूंच्या नियंत्रणाखाली काम करतो. निधी सांभाळणे, अंदाजपत्रक बनवणे, लेखे ठेवणे, खर्च मर्यादेबाहेर जात असेल तर सांगणे, अनियमित खर्च दिसला तर कुलगुरूंच्या नजरेस आणणे ही त्याची कामे.

कागदावर ही रचना सुटसुटीत आहे. पण हिशेब ठेवणारा आणि हिशेब तपासणारा एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली आले, की लेखा शाखेची चूक दाखवणारी टिप्पणी लेखा शाखेच्याच प्रमुखाकडे जाते. तो सज्जन असेल तर दुरुस्ती होईल, नसेल तर टिप्पणी फायलीत राहील. व्यवस्था माणसाच्या स्वभावावर टांगलेली राहते. कुलगुरूंच्या कार्यालयाच्या खर्चावर हरकत काढायची झाली तर पेच आणखी घट्ट होतो.

तुलनेसाठी आपली महानगरपालिका पाहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये मुख्य लेखापरीक्षक हे पद मुख्य लेखाधिकाऱ्यापासून वेगळे आहे. हिशेबांची तपासणी दर आठवड्याला करायची आणि गंभीर अनियमितता आढळली तर ती स्थायी समितीला कळवायची, अशी त्याची जबाबदारी. खर्च करतात आयुक्त, हरकत जाते निवडून आलेल्या समितीकडे. हा फरक कायदा करणाऱ्यांनी विचारपूर्वक ठेवला आहे.

आणि हीच व्यवस्था कधी लुळी पडते, तेही वसई-विरारकरांनी पाहिले आहे. जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे अनेक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. स्थायी समितीचे अधिकारही त्याच खुर्चीकडे आले. लेखापरीक्षकाचे पद तेच, कायदा तोच, पण खर्चाला मंजुरी देणारा आणि हरकत स्वीकारणारा एकच झाला. तेव्हा पदाला ‘स्वतंत्र’ म्हटल्याने ते स्वतंत्र होत नाही. हरकत ऐकून घेणारी दुसरी खुर्ची भरलेली असावी लागते.

स्वातंत्र्याच्या चार कसोट्या

जगभरातल्या अंतर्गत लेखापरीक्षकांची संघटना, इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्स, १९४१ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिची नवी जागतिक मानके ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आहेत. आपल्याकडे सनदी लेखापालांच्या संस्थेचीही अंतर्गत लेखापरीक्षणाची मानके आहेत. या सगळ्यांचे सार चार प्रश्नांत मावते. आपल्या विद्यापीठाला किंवा महाविद्यालयाला ते लावून पाहा.

पहिला प्रश्न : नेमतो कोण, काढतो कोण? मानधन, मुदतवाढ आणि बदली ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध लिहिताना पेन जड होते. विद्यापीठात अंतर्गत लेखापरीक्षकाची नेमणूक आणि मुदतीआधीची गच्छंती व्यवस्थापन परिषदेच्या ठरावानेच व्हावी. महाविद्यालयात ती संस्थेच्या नियामक मंडळाने करावी, प्राचार्यांनी किंवा कार्यालय अधीक्षकांनी नव्हे. मुदत आधीच ठरलेली असावी, म्हणजे दरवर्षी नूतनीकरणासाठी कोणाची मर्जी राखावी लागत नाही.

दुसरा प्रश्न : अहवाल कोणाकडे जातो? इथे दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या. रजा, टेबल-खुर्ची, प्रवासभत्ता अशा दैनंदिन बाबींसाठी लेखापरीक्षक कुलगुरू किंवा प्राचार्य यांच्या प्रशासनाखाली असायला हरकत नाही. वार्षिक तपासणी आराखडा आणि अहवाल मात्र थेट वरच्या मंडळाकडे जावा. अहवालाचा मसुदा संबंधित विभागाला खुलाशासाठी द्यायचाच, पण त्यातला परिच्छेद वगळण्याचा अधिकार विभागाला नसावा. विभागाचे म्हणणे हरकतीखाली छापावे, हरकतीच्या जागी नव्हे.

तिसरा प्रश्न : तो आणखी काय करतो? इथे सर्वाधिक घसरण होते. अनेक कार्यालयांत ‘ऑडिट’ म्हणजे देयक मंजूर होण्याआधी त्यावर उमटणारा शिक्का. ही पूर्वलेखापरीक्षा. ती गैर नाही, पैसे जाण्याआधी चूक अडते. पण ज्याने देयकावर ‘पास’ लिहिले तो त्या प्रदानाचा भागीदार झाला. सहा महिन्यांनी तेच प्रदान तपासायला तोच बसला, तर तो स्वतःचीच सही तपासतो. शिवाय दिवसभर देयकांचा गठ्ठा उपसणाऱ्या माणसाला, या पुरवठादाराला सलग तीन वर्षे काम कसे मिळाले, हे पाहायला वेळ उरत नाही. म्हणून पूर्वतपासणी लेखा शाखेत ठेवावी, तिचे कर्मचारी वेगळे असावेत. आंतरराष्ट्रीय मानकांचा नियम सोपा आहे : एखादे काम गेल्या १२ महिन्यांत ज्याच्या जबाबदारीत होते, त्याने त्या कामाची तपासणी करू नये.

बाहेरची फर्म नेमतानाही हेच पथ्य. ज्या फर्मकडे वैधानिक लेखापरीक्षण आहे तिला अंतर्गत लेखापरीक्षण देऊ नये. सनदी लेखापालांच्या संस्थेचे नियमच त्याला मनाई करतात. महाविद्यालयाचे लेखे लिहून देणारी, टॅलीमध्ये नोंदी करणारी फर्मही त्याच नोंदी तपासायला नेमू नये. लहान महाविद्यालयांत खर्च वाचवायला नेमके हेच केले जाते.

चौथा प्रश्न : त्याला काय पाहता येते? कोणतीही नोंदवही, करार, बँक विवरण, संगणक प्रणालीतली नोंद आणि कोणताही कर्मचारी त्याला पूर्वपरवानगीशिवाय उपलब्ध असावा. परीक्षा विभाग ‘गोपनीय’ म्हणून बंद, बांधकाम ‘तांत्रिक’ म्हणून बंद, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम ‘अनुदानाबाहेर’ म्हणून बंद, असे होत गेले, तर तपासायला उरतात टपालखर्च आणि चहाची बिले. गोपनीयतेचे बंधन लेखापरीक्षकावर घालावे, दार मात्र उघडे ठेवावे.

या चार उत्तरांची एक सनद तयार करून व्यवस्थापन परिषदेने किंवा नियामक मंडळाने मंजूर करावी. दोन पाने पुरतात. वाद झाला की बोट ठेवायला लेखी आधार लागतो.

पैशांपलीकडे : २०१७ चा धडा

अंतर्गत लेखापरीक्षण म्हणजे फक्त पावत्या, हा समज किती महाग पडू शकतो, हे मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या उन्हाळी परीक्षांनी दाखवले. त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच सत्रात सगळ्या विद्याशाखांना लागू झाली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांना ऑनलाइन द्यायच्या होत्या. निकाल रखडले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या अडकल्या. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

यात रोकडवहीत चूक शोधून काही हाती लागले नसते. प्रश्न जोखमीचे होते आणि अशा बदलाआधी ते कोणीतरी बाहेरच्या नजरेने विचारायला हवे असतात. एका विद्याशाखेत आधी चाचणी झाली का? दिवसाला किती पाने स्कॅन होतात आणि एकूण पाने किती, हा साधा भागाकार कोणी मांडला का? परीक्षकांचे प्रशिक्षण झाले का? ठेकेदाराकडून उशीर झाला तर करारात दंड काय? प्रणाली बंद पडली तर कागदी तपासणीकडे परतण्याचा मार्ग कोणता? ज्यांनी निर्णय घेतला ते घाईत असतात. ज्याला निर्णयाचे श्रेयही नको आणि अपश्रेयाची भीतीही नाही, त्याला हे प्रश्न विचारणे सोपे जाते. अंतर्गत लेखापरीक्षक नेमका त्या जागी बसलेला हवा.

स्वायत्तता मिळालेल्या किंवा तिच्या वाटेवर असलेल्या महाविद्यालयांनी हे विशेष लक्षात घ्यावे. स्वायत्त महाविद्यालय स्वतः प्रश्नपत्रिका काढते, परीक्षा घेते, निकाल लावते. गुणांची नोंद कोण करतो, ती नंतर कोण बदलू शकतो, बदलाची खूण प्रणालीत राहते का, पुनर्मूल्यांकनात किती गुण बदलले, याची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. स्वायत्त महाविद्यालयाच्या वित्त समितीचे अध्यक्ष प्राचार्यच असतात. म्हणून अहवाल तिथे थांबू नये, नियामक मंडळापर्यंत जावा.

महाविद्यालयात काय तपासावे

मोठ्या विद्यापीठात पूर्ण विभाग असतो. वसई-विरारच्या मध्यम आकाराच्या महाविद्यालयात बहुधा एक बाहेरची फर्म आणि तिचे दोन तरुण सहायक येतात. दिवस मोजके असतात, तेव्हा ते कुठे घालवायचे हे आधी ठरवावे. पुढच्या बाबींत पैसा आणि चूक दोन्ही जास्त सापडतात.

• फी आणि बँक यांचा ताळमेळ. ऑनलाइन भरलेली फी, प्रणालीतल्या पावत्या आणि बँकेत जमा झालेली रक्कम दर महिन्याला जुळवावी. रद्द झालेले प्रवेश आणि परत केलेली फी वेगळी पाहावी.

• विद्यापीठाचा हिस्सा. मुलांकडून घेतलेले नोंदणी व परीक्षा शुल्क कधी घेतले आणि विद्यापीठाकडे कधी भरले? मधल्या काळात ते पैसे महाविद्यालयाच्या चालू खर्चात वापरले गेले का?

• शिष्यवृत्ती आणि सवलती. शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर पात्र ठरलेल्या मुलांकडून पूर्ण फी घेतली गेली का, आणि शासनाची रक्कम आल्यावर ती त्यांना परत मिळाली का? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन महाविद्यालयांत दहा-वीस मुलींच्या पावत्या काढून पाहिल्या तरी चित्र कळते.

• आगाऊ रकमा. युवा महोत्सव, क्रीडास्पर्धा, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर यांसाठी दिलेल्या रकमांचे समायोजन मार्चअखेर झाले का? जुनी आगाऊ रक्कम बाकी असताना त्याच व्यक्तीला नवी दिली का?

• खरेदी. निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एकच खरेदी तुकड्यांत केली का? तीन दरपत्रके तीन वेगळ्या दुकानांची आहेत, की एकाच माणसाच्या तीन लेटरहेडांची?

• जडवस्तू नोंदवही. प्रयोगशाळेत जाऊन संगणक मोजावेत, नोंदवहीशी जुळवावेत. निर्लेखित माल कोणाला, किती रुपयांना गेला?

• अनामत आणि मुदत ठेवी. मुलांनी मागे न घेतलेली अनामत किती वर्षांची आहे? मुदत ठेवी संपल्यावर लगेच नव्याने गुंतवल्या का, की पैसे बचत खात्यात पडून राहिले?

• न्यास आणि महाविद्यालय यांतील व्यवहार. महाविद्यालयाचा निधी संस्थेच्या दुसऱ्या शाळेकडे उसना गेला का? गेला असेल तर ठराव, व्याज आणि परतफेड यांची नोंद आहे का?

शेवटची बाब नाजूक आहे, कारण लेखापरीक्षकाला नेमणारे मंडळच इथे व्यवहाराचा पक्षकार असते. अशा हरकतीची प्रत विकास समितीपुढे ठेवावी आणि न्यासाच्या वैधानिक लेखापरीक्षकालाही द्यावी. न्यासाच्या हिशेबातली अनियमितता अहवालात नोंदवणे हे त्याच्यावर कायद्याने घातलेले काम आहे.

हरकतीला उत्तर कसे द्यावे

लेखापरीक्षक आधी अर्धसमास पत्र देतो : पानाच्या अर्ध्या भागात त्याची विचारणा, उरलेल्या अर्ध्यात कार्यालयाचे उत्तर. बहुतेक वाद इथेच मिटू शकतात. त्यासाठी उत्तर मुदतीत जावे आणि कागद जोडून जावे.

आपल्या कार्यालयांचे आवडते उत्तर असते : ‘नोंद घेण्यात आली आहे. यापुढे दक्षता घेण्यात येईल.’ या उत्तराने हरकत मिटत नाही, फक्त पुढच्या वर्षी सरकते. चांगल्या उत्तरात चार गोष्टी येतात : वस्तुस्थिती मान्य आहे की नाही, काय केले किंवा करणार, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. समजा, १८ हजार रुपयांची आगाऊ रक्कम समायोजित नसल्याची हरकत आहे. उत्तर असे हवे : ‘हरकत मान्य. ११ हजारांची प्रमाणके जोडली आहेत. उरलेले ७ हजार रुपये संबंधितांकडून रोखीने वसूल करून बँकेत भरले, चलन जोडले आहे. जुनी रक्कम बाकी असेल तर नवी आगाऊ रक्कम प्रणालीतूनच अडवण्याची व्यवस्था लेखापालांनी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करावी, असा आदेश काढला आहे.’

हरकत मान्य नसेल तर तेही स्पष्ट लिहावे आणि नियम दाखवावा. लेखापरीक्षकाचेही चुकते. त्याने चूक मान्य करून परिच्छेद मागे घेतला, तर त्याचे वजन कमी होत नाही.

लेखापरीक्षकांसाठीही दोन शब्द. स्वतंत्र असणे म्हणजे फटकून वागणे नव्हे. भाषा आरोपाची नको, पुराव्याची हवी. ‘अपहार’ हा शब्द लिहिण्याआधी हेतूचा पुरावा लागतो. तो नसेल तर ‘नियमबाह्य प्रदान’ पुरे. ज्याची तपासणी त्याच्याकडून जेवण, भेटवस्तू, सहलीचे आमंत्रण घेऊ नये. नातेवाईक त्या विभागात असेल तर तसे आधीच लिहून द्यावे.

अधिसभा, पदवीधर, पालक

विद्यापीठाच्या अधिसभेसमोर वार्षिक अंदाजपत्रक, वार्षिक लेखे आणि लेखापरीक्षण अहवाल येतात. नोंदणीकृत पदवीधर तिथे आपले १० प्रतिनिधी निवडून देतात. मुंबई विद्यापीठाची अशी निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. वसई, नालासोपारा, विरारमधल्या पदवीधरांनी नाव नोंदवले असेल तर त्यांनाही मत असते. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला वसतिगृह आणि निकालांबरोबर हेही विचारावे : अंतर्गत लेखापरीक्षण अहवाल व्यवस्थापन परिषदेपुढे वर्षातून किती वेळा येतो? प्रलंबित हरकती किती आणि त्यांतल्या तीन वर्षांपेक्षा जुन्या किती? वसुलीची रक्कम किती, प्रत्यक्ष वसूल किती?

अधिसभेत एकूण हरकतींचा आकडा विचारून फारसे कळत नाही. जास्त हरकती म्हणजे वाईट कारभार असेलच असे नाही, कधी ती चांगल्या तपासणीची खूण असते. जुन्या हरकतींचे वय विचारा. वर्षानुवर्षे त्याच परिच्छेदाला तेच उत्तर जात असेल, तर तपासणी चालू आहे, पण ऐकणारे कोणी नाही, एवढा निष्कर्ष काढता येतो.

पालक आणि सामान्य नागरिकांसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा, शुल्क १० रुपये. उत्तरासाठी ३० दिवस आहेत, त्यानंतर पहिले अपील करता येते. ‘गेल्या दहा वर्षांची सर्व ऑडिटची माहिती द्या’ असा अर्ज नाकारायला सोपा जातो. नेमका अर्ज असा : ‘मागील आर्थिक वर्षाच्या अंतर्गत लेखापरीक्षणाच्या अंतिम अहवालाची आणि त्यावरील अनुपालन अहवालाची प्रत द्यावी. तो अहवाल ज्या सभेत सादर झाला त्या सभेच्या इतिवृत्तातील संबंधित भागाची प्रत द्यावी.’ दुसरे वाक्य विसरू नका. अहवाल कोणासमोर गेला आणि त्यावर काय ठरले, हे इतिवृत्तातूनच कळते.

पुढच्या सभेत मांडायचा ठराव

संलग्न महाविद्यालयात विकास समितीच्या सभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. समितीवर संस्थेचे पदाधिकारी, निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर प्रतिनिधी, स्थानिक सदस्य, माजी विद्यार्थी आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी असतात. अंदाजपत्रक आणि वित्तीय विवरणे तयार करून व्यवस्थापनाकडे शिफारस करणे हे तिचे कामच आहे. त्यामुळे पुढचा विषय मांडायला कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. मसुदा आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावा :

‘ही समिती व्यवस्थापनास शिफारस करते की, (१) अंतर्गत लेखापरीक्षकाची नेमणूक नियामक मंडळाच्या ठरावाने तीन वर्षांसाठी करावी, वैधानिक लेखापरीक्षण करणारी किंवा लेखे लिहिणारी फर्म या कामासाठी घेऊ नये. (२) लेखापरीक्षकाकडे देयके मंजूर करण्याचे काम देऊ नये आणि सर्व विभागांचे अभिलेख त्यास खुले ठेवावेत. (३) अहवाल दर सहा महिन्यांनी, प्राचार्यांच्या खुलाशासह, नियामक मंडळ आणि ही समिती यांना एकाच वेळी सादर व्हावा. (४) प्रत्येक सभेत प्रलंबित हरकतींचा तक्ता, हरकतीची तारीख, रक्कम, जबाबदार व्यक्ती आणि पूर्ततेची मुदत यांसह ठेवावा.’

चारपैकी एकच मुद्दा मंजूर होईल असे दिसत असेल, तर तिसरा धरून ठेवा. अहवाल एकाच वेळी दोन टेबलांवर पोहोचू लागला, की उरलेल्या तीन मुद्द्यांची गरज सभेतल्या इतरांनाही पटायला लागते.